रोगाची आणेवारी बांधणारे कॉबसाहेब

सुगी जवळ आली की गावात आणेवारीची चर्चा सुरू होते. तलाठी, ग्रामसेवक, कृषी खात्याचा माणूस आणि गावातली चार जाणती मंडळी शिवारात फिरतात, पीक बघतात आणि यंदा किती आणे पीक आले ते ठरवतात. सरकारदरबारी तिला आता पैसेवारी म्हणतात, पण माण-खटावच्या किंवा जत-आटपाडीच्या शेतकऱ्याच्या तोंडी अजून आणेवारी हाच शब्द आहे. पन्नास पैशांच्या आत आली तर सवलतींचा मार्ग मोकळा होतो, वर गेली तर नाही. म्हणून त्या एका आकड्याकडे सगळ्या गावाचे डोळे लागलेले असतात.

पिकाची आणेवारी अशी ठरते. मग पिकावर पडलेल्या रोगाची आणेवारी कोण ठरवतो? मिरज तालुक्यातला सोयाबीनवाला सांगतो, तांबेरा लई पडलाय. त्याचा बांधकरी म्हणतो, काय नाही, जरा जरा दिसतोय. दोघांच्या रानात कदाचित रोग सारखाच असतो, पण एकाची नजर घाबरट आणि दुसऱ्याची निवांत. लई आणि जरा या शब्दांना माप नाही. म्हणून फवारणी कधी शेजाऱ्याचा पंप वाजला म्हणून होते, कधी दुकानदाराने बाटली हातात ठेवली म्हणून होते. हंगाम संपल्यावर आकड्यात हाती येते ते फक्त औषधाचे बिल.

हीच अडचण सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियात गव्हाच्या तांबेऱ्यावर काम करणाऱ्या एका अमेरिकन शास्त्रज्ञापुढे उभी राहिली. त्यांनी लई आणि जरा हे शब्द बाजूला ठेवले आणि पानावरचा रोग टक्क्यांत मोजण्याची चित्रांची पट्टी तयार केली. त्यांचे नाव नेथन ऑगस्टस कॉब. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला गहू गेरवा संशोधन केंद्र आहे. तिथे गव्हाच्या जातींवरचा तांबेरा मोजताना जी पट्टी वापरतात, ती याच कॉबसाहेबांच्या पट्टीची सुधारलेली आवृत्ती आहे. गव्हाची जी जात आपल्या कृष्णाकाठच्या शेतकऱ्याच्या हाती पडते, ती बहुधा या पट्टीच्या परीक्षेतून पास होऊन आलेली असते. तेव्हा हे कॉबसाहेब कोण, हे आपल्याला ठाऊक असायला हवे.

शेतावर वाढलेला पोरगा

कॉब यांचा जन्म ३० जून १८५९ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात स्पेन्सर या गावी झाला. त्यांचे बालपण शेतावरच्या कष्टात गेले. शाळा सलग अशी फारशी झालीच नाही. बरेचसे ज्ञान त्यांनी स्वतः पुस्तके वाचून आणि हाताने करून मिळवले. आपल्याकडेही दुष्काळी भागातली अशी कितीतरी पोरे दिसतात, सकाळी बैलामागे आणि रात्री कंदिलापुढे. वूस्टर या शहरातल्या तंत्रशिक्षणाच्या संस्थेतून त्यांनी १८८१ मध्ये पदवी घेतली, त्याच वर्षी लग्न केले आणि ईस्टहॅम्प्टन गावच्या विद्यालयात शिक्षकी पत्करली.

पण शिक्षकाच्या नोकरीत जीव रमला नाही. १८८७ मध्ये बायकोमुलांना बरोबर घेऊन ते जर्मनीला गेले. तिथल्या येना विद्यापीठात हेकेल नावाचे त्या काळचे नामांकित प्राणिशास्त्रज्ञ शिकवत. त्यांच्या हाताखाली कॉब यांनी सूत्रकृमींवर अभ्यास केला आणि १८८८ मध्ये डॉक्टरेट मिळवली. सूत्रकृमी म्हणजे धाग्यासारखे बारीक जंतू. टोमॅटो, डाळिंब, हळद यांच्या मुळांवर गाठी आणतात ते हेच. सूत्रकृमीचा नाद त्यांना तेव्हा लागला तो मरेपर्यंत सुटला नाही.

शिक्षण झाले, पण अमेरिकेला परतण्याऐवजी १८८९ मध्ये त्यांनी ऑस्ट्रेलिया गाठले. तिथे न्यू साउथ वेल्स वसाहतीच्या सरकारने १८९० मध्ये शेतीखाते नव्याने काढले होते. त्या खात्यात वनस्पतिरोगांचा तज्ज्ञ म्हणून कॉब यांची नेमणूक झाली. ऑस्ट्रेलियात पूर्णवेळ हेच काम करणारा पहिला माणूस म्हणून आज त्यांचे नाव घेतात.

तांबेऱ्याचे वर्ष

नेमणूक झाली ती वेळच कठीण होती. १८८९ च्या हंगामात ऑस्ट्रेलियाच्या गव्हावर तांबेऱ्याची मोठी साथ आली होती आणि शेतकऱ्यांचे अतोनात नुकसान झाले होते. ज्यांनी तांबेऱ्याचा गहू पाहिला आहे त्यांना सांगायला नको. पानावर, काडीवर बारीक फोड येतात, ते फुटतात आणि आतून तांबड्या विटकरी रंगाची भुकटी बाहेर पडते. रानातून एक फेरी मारली तरी कपडे तांबडे होतात. ही भुकटी म्हणजे बुरशीचे बी. वाऱ्यावर बसून ते कोसच्या कोस जाते. रोगाने पानातला आणि काडीतला रस खाल्ला की दाणा चिंबतो. लोंबी वरून भरल्यासारखी वाटते, पण खळ्यावर हातात काहीच येत नाही.

त्यावर उपाय शोधण्यासाठी तिथल्या सगळ्या वसाहतींनी मिळून १८९० पासून खास तांबेऱ्यासाठी परिषदा भरवायला सुरुवात केली. वेगवेगळ्या जातींचे गहू लावायचे, कुठल्या जातीवर रोग किती आला ते लिहायचे आणि टिकाऊ जात निवडायची, असा सरळ विचार होता. घोडे अडले ते लिहिण्यात. एका ठिकाणचा माणूस एखाद्या जातीपुढे भारी तांबेरा असे लिही. दुसऱ्या ठिकाणचा माणूस त्याच जातीपुढे हलका असे लिही. आता खरोखरच एका गावी रोग जास्त आणि दुसऱ्या गावी कमी होता, की एकाच्या मते भारी ते दुसऱ्याच्या मते हलके होते? हे कळायला मार्गच नव्हता. नोंदींची बाडे भरत होती, पण त्यांची एकमेकींशी तुलना करता येत नव्हती. तराजू आहे, पण प्रत्येकाचे वजनाचे दगड निराळे, अशी गत.

पाच चित्रांची पट्टी

कॉब यांनी १८९२ मध्ये यावर तोडगा काढला. तोडगा इतका साधा होता, की आज ऐकताना त्यात विशेष ते काय असे वाटेल. त्यांनी गव्हाच्या पानावरच्या तांबेऱ्याची पाच चित्रे काढली. पहिल्या चित्रात पानाचा १ टक्का भाग फोडांनी व्यापलेला, दुसऱ्यात ५ टक्के, तिसऱ्यात १०, चौथ्यात २० आणि पाचव्यात ५० टक्के. शेतात जायचे, पान हातात घ्यायचे, चित्राशेजारी धरायचे आणि कुठल्या चित्राशी ते जास्त जुळते ते बघायचे. जे जुळेल त्याचा आकडा वहीत लिहायचा. बास.

यातून दोन गोष्टी साधल्या. एक, सिडनीत बसलेला माणूस आणि दूर खेड्यातला माणूस एकाच मापाने मोजू लागला. दुसरी गोष्ट म्हणजे रोग आहे की नाही या प्रश्नाबरोबर रोग किती आहे हा प्रश्न शेतीशास्त्रात पक्का रुजला. वनस्पतिरोगाची तीव्रता ठरवलेल्या मापाने मोजण्याची सुरुवात सांगताना आजही कॉब यांच्या या पट्टीचे नाव आधी घेतात.

या पट्टीतले आकडे सारख्या अंतराने का वाढत नाहीत, असे कुणीही विचारील. १ वरून एकदम ५, मग १०, २० आणि तिथून उडी ५० वर. त्यामागे डोळ्याचा स्वभाव आहे. पानावर १ टक्का रोग आहे की ५ टक्के, हे नजरेला चटकन कळते. पण ५० आहे की ५४, हे कुणाच्या बापाला सांगता येणार नाही. पुढे १९४५ मध्ये अमेरिकेत हॉर्सफॉल आणि बॅरॅट या दोघांनी याच विचारावर बारा पायऱ्यांची पट्टी बांधली. निम्म्याच्या खाली डोळा रोगट भाग पाहतो आणि निम्म्याच्या वर निरोगी भाग पाहतो, असे त्यांचे म्हणणे होते. डोळ्याचा हा नियम इतका काटेकोर नाही, असे अलीकडच्या अभ्यासकांनी दाखवले आहे. एक खोड मात्र सगळ्यांनीच मान्य केली आहे. बारीक ठिपके पुष्कळ असले की माणूस रोग आहे त्यापेक्षा जास्त सांगतो. पानावर भरपूर ठिपके बघून आपले काळीज हलते आणि आकडा फुगतो. म्हणूनच चित्र शेजारी धरावे लागते.

कॉब यांच्या पट्टीतही दुरुस्त्या झाल्या. १९४८ मध्ये पीटरसन, कॅम्पबेल आणि हॅना या शास्त्रज्ञांनी तिची सुधारलेली आवृत्ती काढली, तीच आज जगभर गव्हाला लावतात. पान तांबेऱ्याने अगदी गच्च भरले तरी प्रत्यक्षात फोडांनी व्यापलेली जागा सुमारे ३७ टक्केच असते. त्या गच्च भरलेल्या पानाला या पट्टीत १०० धरतात आणि बाकीचे आकडे त्या हिशेबाने बसवतात. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक, तसे १०० म्हणजे पूर्ण तांबेरा.

चूकही मोठीच

कॉबसाहेबांचे सगळेच बरोबर निघाले असे नाही. गव्हाच्या काही जाती तांबेऱ्याला का दाद देत नाहीत, याचे कारण त्यांनी पानाच्या बाह्य रूपात शोधले. ज्या जातीचे पान जाड सालीचे, अरुंद, मेणाचा थर असलेले, त्यावर बुरशीला शिरकाव मिळत नाही, असे त्यांचे मत होते. तट मजबूत तर शत्रू बाहेर, असा तो विचार. ऐकायला पटणारा होता आणि बरीच वर्षे लोकांनी मानलाही. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या मार्शल वॉर्ड यांनी दाखवून दिले, की खरी लढाई सालीवर होत नाही, पानाच्या आत पेशींमध्ये होते. बुरशी आत शिरते, पण टिकाऊ जातीत तिला आत थारा मिळत नाही. कॉब यांचा सिद्धांत मागे पडला. मोजण्याची पट्टी मात्र टिकली. माणसाचे मत चुकू शकते, पण त्याने ठेवलेले माप खरे असले तर त्याच मापाने पुढचा माणूस त्याची चूक शोधून काढतो. विज्ञानाची वाट अशीच पुढे सरकते.

वॉगा येथील सरकारी प्रायोगिक शेतावर कॉब यांनी गव्हाच्या असंख्य जाती लावून त्यांची प्रतवारी केली. एकच गहू निरनिराळ्या नावांनी विकला जात असे, तो गुंता सोडवला. त्याच सुमारास विल्यम फॅरर हे गृहस्थ स्वतःच्या शेतावर गव्हाचे संकर करत होते. या दोघांचा कामानिमित्त संबंध आला. लवकर पिकणारा गहू तांबेऱ्याच्या तावडीतून निसटतो, हे फॅरर यांनी हेरले होते आणि त्यासाठी त्यांनी हिंदुस्थानातले हळवे गहू आपल्या संकरांत वापरले. त्यांच्या फेडरेशन या गाजलेल्या गव्हाच्या वंशावळीत आपल्या उत्तर प्रदेशातल्या इटाव्याचे नाव लावणारा गहू आहे. ऑस्ट्रेलियाच्या शेतकऱ्याचे घर भरणाऱ्या गव्हात थोडे रक्त आपल्या मातीतले होते, हे विसरू नये.

उसापासून सूत्रकृमीपर्यंत

उसाच्या पट्ट्यातल्या वाचकाला कॉब यांचे आणखी एक काम जवळचे वाटेल. न्यू साउथ वेल्सच्या उत्तर भागात उसावर एक रोग पडत होता. कांडे कापले की छेदावर पिवळसर डिंकासारखे थेंब येत आणि ऊस वाळत जाई. १८९३ मध्ये कॉब यांनी हा रोग जिवाणूमुळे होतो असे सांगून त्या जिवाणूचे वर्णन केले. झाडांना जिवाणूंमुळे रोग होतो हे तेव्हा सगळ्या शास्त्रज्ञांना मान्यही नव्हते. रोगट उसाचे बेणे पुढच्या लागणीला वापरले की रोग बेण्याबरोबर नव्या रानात जातो, हा धडा आपल्याकडेही काणी आणि गवताळ वाढीच्या बाबतीत दरवर्षी नव्याने शिकावा लागतो. बेणेमळा स्वतंत्र ठेवा असे नीरेजवळच्या पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राची माणसे जीव तोडून सांगतात, त्यामागे हेच आहे.

फिजी बेटातल्या केळीच्या मुळांत त्यांना एक सूत्रकृमी सापडला. मुळात बोगदे पाडून केळी आडवी करणारा हा कृमी आज जगभरच्या केळी बागायतदारांना माहीत आहे. १९०५ मध्ये कॉब हवाई बेटांवर गेले आणि तिथल्या ऊस बागायतदारांच्या संशोधन केंद्रात वनस्पतिरोगांचा विभाग त्यांनी उभा केला. बागायतदारांनी स्वतः पैसे घालून चालवलेले ते केंद्र होते. १९०७ मध्ये ते अमेरिकेच्या शेतीखात्यात वॉशिंग्टनला आले.

तिथे त्यांच्याकडे आले कापसाचे काम. कापसाची प्रत ठरवताना व्यापारी सांगेल ती प्रत आणि देईल तो भाव, अशी तिथल्या शेतकऱ्याची स्थिती होती. आपल्या बाजारपेठेत हळदीची ढेरी लावून बसलेल्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. कापसाच्या प्रतीचे सरकारी नमुने ठरवण्याच्या कामात कॉब यांनी मोठा वाटा उचलला. तिथेही धोरण तेच. नमुना शेजारी ठेवा, माल त्याच्याशी ताडून बघा आणि मग प्रत बोला. तांबेरा असो वा कापूस, शब्दावर भांडू नका, मापावर या.

आयुष्याची शेवटची वर्षे मात्र त्यांनी आपल्या जुन्या सूत्रकृमींना दिली. मातीत हे कृमी किती आहेत ते मोजायचे कसे, असा प्रश्न होता. माती पाण्यात कालवून, गढूळ पाणी चाळण्यांमधून गाळून कृमी वेगळे करण्याची रीत त्यांनी बसवली. तिला आजही कॉब यांची चाळणीची पद्धत म्हणतात आणि कृषी विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत मातीचा नमुना दिला तर याच धर्तीवर तो तपासतात. एकरभर मातीत कृमींची संख्या अब्जावधींत जाते, हे त्यांनी मोजणीच्या आधारे सांगितले. पृथ्वीवरून बाकी सगळे नाहीसे झाले आणि फक्त सूत्रकृमी उरले, तरी डोंगर, नद्या, झाडे, माणसे यांचे आकार धूसर का होईना ओळखू येतील, इतके ते सगळीकडे भरलेले आहेत, अशी त्यांची कल्पना होती. सूत्रकृमींच्या अभ्यासाला स्वतंत्र शास्त्राचे नाव आणि मान त्यांच्यामुळे मिळाला. ४ जून १९३२ रोजी बाल्टिमोर येथे त्यांचे निधन झाले. त्यांची सिडनीत जन्मलेली मुलगी फ्रीडा हीदेखील पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून नावाला चढली.

पट्टी आपल्याकडे कशी आली

आपल्या देशात गव्हाच्या तांबेऱ्याचा माग काढला तो आग्र्याच्या प्रा. करमचंद मेहता यांनी. उत्तरेच्या मैदानात उन्हाळ्याच्या कडक उन्हात तांबेऱ्याचे बी टिकत नाही, मग दरवर्षी रोग येतो कुठून? मेहता यांनी वर्षानुवर्षे नोंदी ठेवून दाखवले, की तो डोंगरावरून येतो. उत्तरेत हिमालयात आणि दक्षिणेत निलगिरी-पळणीच्या डोंगरात थंड हवेमुळे रोग वर्षभर जिवंत राहतो आणि हंगामात वाऱ्याबरोबर खाली उतरतो. दक्षिणेकडून वर सरकणाऱ्या रोगाच्या वाटेत कर्नाटक आणि मग आपला भाग लागतो. १९४६-४७ च्या हंगामात मध्य भारतात काडीवरच्या तांबेऱ्याने असा हाहाकार केला, की जुन्या लोकांनी ते साल पुढे अनेक वर्षे काढले. मेहता १९५० मध्ये वारले.

महाबळेश्वरची थंड, दमट हवा पर्यटकाला जशी मानवते तशी तांबेऱ्यालाही मानवते. म्हणूनच तिथे गव्हाची परीक्षा घेतात. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या या केंद्रात गव्हाच्या नव्या-जुन्या जाती ओळीने पेरतात, त्यांच्यावर मुद्दाम तांबेरा सोडतात आणि मग सुधारलेल्या कॉब पट्टीने एकेका जातीची नोंद घेतात. नोंद दोन भागांची असते. आधी रोगाचा आकडा, नंतर जातीच्या प्रतिकाराचे अक्षर. समजा दोन जातींवर तांबेरा दिसायला सारखाच, ४०. पण एकीवरचे फोड मोठे, भुकटी भरपूर, म्हणजे जात पुरती बळी पडणारी. तिचा आकडा ४० ला १ ने गुणून ४० च राहतो. दुसरीवरचे फोड बारीक, भोवती पान वाळलेले, म्हणजे जात मध्यम प्रतिकारक. तिचे ४० ला ०.४ ने गुणतात आणि आकडा येतो १६. एक जात बाद होते, दुसरी पुढे जाते. बियाण्याच्या पिशवीवर तांबेरा प्रतिकारक असे दोन शब्द छापलेले असतात, त्यांच्यामागे असे कितीतरी आकडे उभे असतात.

गव्हाचे झाले, बाकी पिकांचे काय? तीव्रता मोजण्याचे हे शास्त्र आपल्या महाराष्ट्रातही रुजले. परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठातून १९८६ मध्ये मायी आणि दातार यांनी निरनिराळ्या पिकांच्या रोगांसाठी मोजपट्ट्यांची पुस्तिका काढली. त्यातली ० ते ९ गुणांची पट्टी आज देशभर वापरात आहे. सांगली जिल्ह्यात तिचा उपयोग बघायचा तर सोयाबीन घ्या. १९९४ पासून सोयाबीनच्या तांबेऱ्याने कृष्णाकाठी ठाण मांडले. पाने पिवळी पडून अवेळी गळायची आणि शेंगा पोचट राहायच्या. मिरज तालुक्यातल्या कसबे डिग्रज येथील कृषी संशोधन केंद्राने या रोगाला तोंड देणाऱ्या जाती शोधण्याचे काम हाती घेतले. फुले अग्रणी, फुले संगम, फुले किमया या जाती तिथूनच आल्या. त्यांच्या नंबरातली केडीएस ही अक्षरे कसबे डिग्रजचीच खूण आहे. रोज सकाळी रानात वाकून पानामागून पान तपासणाऱ्या, गुण लिहिणाऱ्या माणसांनी त्या जाती निवडल्या.

आपल्या रानात आपली आणेवारी

ही मोजणी शेतकऱ्यालाही करता येते. त्याला ना यंत्र लागते ना इंग्रजी. आधी एक फरक लक्षात घ्या. किती झाडांना किंवा किती पानांना रोग लागला, हे झाले रोगाचे प्रमाण. लागलेल्या पानाचा किती भाग रोगाने खाल्ला, ही झाली तीव्रता. ज्वारीच्या काणीत कणीस गेले ते गेलेच, तिथे नुसती मोजणी पुरते. पण पानावरच्या तांबेऱ्याला, करप्याला, भुरीला तीव्रताच बघावी लागते.

० ते ९ पट्टीत रोग नसेल तर ० गुण. एक टक्क्याच्या आत भाग रोगट असेल तर १. दहा टक्क्यांपर्यंत ३, पंचवीसपर्यंत ५, पन्नासपर्यंत ७ आणि त्याच्या वर ९. रानात पाच-सहा ठिकाणी फिरून, खालची, मधली, वरची अशी मिळून वीस पाने बघितली असे समजा. आठ पाने स्वच्छ निघाली, सहा पानांना १ गुण, चार पानांना ३ आणि दोन पानांना ५. गुणांची बेरीज झाली ६, १२ आणि १० मिळून २८. सगळी पाने पुरती रोगट असती तर बेरीज झाली असती वीस गुणिले नऊ, म्हणजे १८०. आता २८ ला १०० ने गुणून १८० ने भागा. उत्तर येते साडेपंधरा टक्के. हीच रोगाची तीव्रता.

आता गंमत बघा. वीसपैकी बारा पानांवर रोग आहे, म्हणजे प्रमाण साठ टक्के. साठ म्हटले की माणूस हादरतो आणि पंप खांद्याला लावतो. पण तीव्रता साडेपंधरा आहे. दोन्ही आकडे खरेच आहेत, पण दोन्हींचा अर्थ निराळा. हे न कळता कुणी साठ टक्के रोग असे सांगितले, तर शेतकरी नको तेवढे औषध मारतो. उलट बाजूने, नुसते पाचच टक्के आहे म्हणून गाफील राहिला आणि दोन दिवस ढगाळ गेले, तर रोग हाताबाहेर जातो.

म्हणून एकदाच मोजून भागत नाही. आठवड्याच्या अंतराने दोन-तीनदा मोजा आणि आकडा वहीत तारखेसह लिहा. ४ चा १६ झाला आणि हवा दमट आहे, तर वेळ घालवू नका. ४ चा ५ झाला आणि ऊन पडले आहे, तर कृषी सहायकाला किंवा केंद्रातल्या माणसाला विचारून थांबता येते का बघा. तासगाव-कवठेमहांकाळच्या द्राक्षबागायतदाराला मात्र हा हिशेब तसाच्या तसा लावता येणार नाही. केवडा एका रात्रीत घडाला धरतो, तिथे रोग दिसायच्या आधीच हवामान बघून पावले उचलावी लागतात. तरीही फवारणीने रोग थांबला की नाही, कोणते औषध लागू पडले, हे ठरवायला तिथेसुद्धा आकडाच लागतो. न फवारलेली एक ओळ राखून तिच्याशी ताडून पाहणारे बागायतदार हे जाणतात.

वहीतल्या आकड्यांचा आणखी एक उपयोग आहे. नुकसानीचा पंचनामा असो, बियाण्याबद्दलची तक्रार असो, की विद्यापीठाच्या शास्त्रज्ञाला फोनवरून विचारलेला सल्ला असो, रोग लई पडलाय या वाक्याला वजन नसते. अमुक तारखेला वीस पानांत इतके गुण, आठ दिवसांनी इतके, असे सांगणाऱ्याचे म्हणणे समोरचा माणूस कान देऊन ऐकतो. ऑस्ट्रेलियातल्या गव्हाच्या रानात कॉबसाहेबांना तरी दुसरे काय हवे होते?

पिकाची आणेवारी सरकार करील तेव्हा करील. रोगाची आणेवारी मात्र ज्याच्या रानात रोग आहे त्यालाच करावी लागते. त्याला लागते एक वही, एक पेन्सिल आणि सकाळचा अर्धा तास.